जुन्या कालव्यांच्या शहरात नवा पादचारी पूल बांधायचाय? मग पायरीपासून सुरुवात करा

आमच्या बडोद्यात आर्किटेक्चर नाहीतर सिव्हिल करणारी मराठी पोरं दरवर्षी कुणी ना कुणी प्रोजेक्टला हाच विषय घेतात, व्हेनिस किंवा ॲमस्टरडॅमसारखं जुनं शहर, मधून कालवा, त्यावर एकदम मॉडर्न फूटब्रिज. मग पहिल्या दिवशीच लॅपटॉपवर पांढरी वळणदार कमान तयार, काचेची जमीन, खालून निळे लाइट. दिसतं भारी हो. पण मी विचारतो, की आजींना गुडघ्याचा त्रास आहे, हातात पिशवी आहे, पाऊस पडतोय, त्या कशा जाणार? की सगळे गप्प. म्हणून हे जरा सविस्तर लिहून ठेवतोय, म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगायला नको.

कमानीच्या आधी पायरी ठरवायची, बाकी सगळं त्यातून निघतं. पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक पायरीची रुंदी मिळून साधारण 60 ते 65 सेंटीमीटर यायला पाहिजे, म्हणजे 15 ची उंची आणि 32 ची रुंदी घेतली की 62, पाय आपोआप पडतो. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की सगळ्या पायऱ्या सारख्या पाहिजेत. माणूस पहिल्या दोन पायऱ्यांवर माप घेतो आणि पुढे खाली बघतच नाही, फोनवर बोलत चालतो, आणि तेवढ्यात एक पायरी वेगळी आली की ठेच लागलीच समजा. आता गंमत बघा, कमानीच्या पाठीवरून पायऱ्या काढल्या तर कडेला चढ जास्त आणि मधे जवळपास सपाट, मग उंची सारखी ठेवली तर रुंदी बदलत जाते, रुंदी सारखी ठेवली तर उंची बदलते. कमान जितकी सुंदर तितकी पायरी बेभरवशाची. म्हणजे बहुतेकांना वाटतं तसं हे कॉन्ट्रॅक्टरच्या हातून बिघडत नाही, तुमच्या ड्रॉइंगमध्येच बिघडलेलं असतं. यातून सुटायचं तर पायऱ्यांचे छोटे सारखे गट करायचे आणि मधे मधे सपाट टप्पे टाकायचे, कमानीच्या रेषेला थोडं सोडून. मॉडेलमध्ये ते जरा खडबडीत दिसेल, दिसू दे.

हे सगळं खरंच घडलेलं बघायचं असेल तर व्हेनिसचा कॉन्स्टिट्यूशन ब्रिज काढून बसा. ग्रँड कॅनॉलवरचा हा फक्त चौथा पूल, आधीचे तीन म्हणजे रिआल्तो, अकादेमिया आणि स्काल्झी. डिझाइन सांतियागो कालात्रावा या स्पॅनिश आर्किटेक्टचं, पियाझाले रोमा म्हणजे जिथे बस-गाड्या संपतात तिथून रेल्वे स्टेशनच्या बाजूला जायला, 2008 च्या सप्टेंबरमध्ये उघडला, तोही गाजावाजा न करता रात्रीच. लाल स्टीलची कमान, काच, आणि इस्त्रियाचा पांढरा दगड. मी सांगतो, दिसायला पूल खरोखर देखणा आहे, त्यात वाद नाही. पण काचेच्या पायऱ्या ओल्या झाल्या की लोक घसरायला लागले, पायऱ्यांची मापं सारखी नाहीत म्हणून अडखळायला लागले, आणि एका टोकाला स्टेशन म्हणजे दिवसभर चाकांच्या जड बॅगा काचेवर आपटत जाणार, काचा बदलत बसा. खर्च साधारण सात मिलियन युरोंचा धरला होता तो अकराच्या वर गेला. 2019 मध्ये तिथल्या ऑडिटच्या कोर्टाने कालात्रावालाच 78,000 युरो भरायला लावले, त्यात पायऱ्या लवकर झिजणार हे आधीच दिसायला पाहिजे होतं हा एक मुद्दा होता. शेवटी पालिकेने काय ठरवलं, तर काच काढून तिथे ट्रॅकाइट बसवायचा. ट्रॅकाइट म्हणजे व्हेनिसच्या गल्ल्यांमध्ये शेकडो वर्षं अंथरलेला तोच करडा खरबरीत दगड. उत्तर रस्त्यावरच पडलेलं होतं.

म्हणून पायरीचं मटेरियल निवडताना आधी त्या शहराच्या जुन्या फरशा बघा. आपल्याकडे पॉलिश केलेला कोटा बघता ना, जुलैमध्ये रबरी चपलेने त्यावर चालून दाखवा. ओल्या पृष्ठभागाची घसरण मोजायची पेंड्युलम टेस्ट असते, ओल्यात आकडा 36 च्या वर आला तर ठीक, खाली आला तर सँपल परत. आणि नवीन तुकड्याची टेस्ट करून समाधान मानू नका, घासून झिजवलेल्या तुकड्याची पण करा, कारण पूल पाच वर्षांनी पण वापरायचाय.

आता कमान. इथे प्रत्येकाला चपटी कमान पाहिजे असते कारण ती स्लीक दिसते, आणि खरं सांगायचं तर चालणाऱ्याला पण तीच बरी, चढ कमी. पण चपट्या कमानीची किंमत काठ देतात. साधं गणित आहे, दर मीटरचं वजन गुणिले गाळ्याचा (म्हणजे दोन टेकूंमधल्या अंतराचा) वर्ग, भागिले कमानीच्या उंचीच्या आठपट, एवढा आडवा रेटा दोन्ही काठांवर येतो. समजा 80 मीटरचा गाळा, मीटरमागे 5 टन, कमान 10 मीटर उंच, तर रेटा 400 टन. तीच कमान 5 मीटरवर आणली की रेटा 800 टन. उंची अर्धी, रेटा दुप्पट. आणि दुसरीकडे 10 मीटर चढायचं म्हणजे 15 सेंटीमीटरच्या 66-67 पायऱ्या, 5 मीटरला 33-34. म्हणजे गुडघे वाचवले तर काठ ढकलला जातो आणि काठ वाचवला तर गुडघे जातात, आणि खालून बोटीला भरतीच्या वेळी पण डोकं न आपटता जायचंय ते वेगळंच. या तिघांची ओढाताण म्हणजेच तुमचं डिझाइन. बाकीचं डेकोरेशन.

आणि काठ म्हणजे काय हे पण समजून घ्या. व्हेनिसमध्ये खाली कडक खडक नाही, गाळ आणि चिकणमाती. रिआल्तोचा दगडी पूल 1591 ला पुरा झाला, गाळा साधारण 28 मीटरचाच, तरी त्याच्याखाली सुमारे 12,000 लाकडी खुंट ठोकले आहेत असं सांगतात. लाकूड पाण्याखाली फार हळू कुजतं कारण तिथे हवा पोचत नाही, हवा-पाणी आलटून पालटून लागलं की मात्र संपलं. ॲमस्टरडॅममध्ये पण जुन्या काठाच्या भिंती लाकडी खुंटांवरच उभ्या आहेत, आणि 2020 च्या सप्टेंबरमध्ये ग्रिमबुर्गवाल कालव्याची भिंत सरळ पाण्यात गेली. अशा भिंतीवर तुम्ही 800 टनांचा रेटा देणार का? नाही ना. मग भिंतीच्या मागे स्वतंत्र खोल पाइल, म्हणजे जमिनीत खोलवर नेलेले खांब, घ्या आणि जुन्या भिंतीला पुलाचा स्पर्शच होऊ देऊ नका, आणि काम सुरू करायच्या आधी शेजारच्या घरांच्या भेगांवर मार्कर बसवून ठेवा, नाहीतर पुढे प्रत्येक जुनी भेग तुमच्या नावावर. गाळा छोटा असेल, वीस-पंचवीस मीटर, तर मी तरी कमानीच्या मागे लागणार नाही, सरळ स्टीलचा गर्डर, म्हणजे आडवी तुळई, टाका, आडवा रेटा नाही, थोडा जाड दिसेल पण काठ सुखी. जाडी लपवायची तर कठडाच गर्डर म्हणून वापरता येतो.

व्हीलचेअरचा विषय लोक शेवटच्या शीटवर आणतात. चूक. 1 ला 12 चा रॅम्प घेतला तर 5 मीटर चढायला 60 मीटर लांबी लागते, प्लस मधले सपाट टप्पे, आणि हे दोन्ही बाजूला. जुन्या शहरात कालव्याच्या काठावर एवढी मोकळी जागा कुठून आणणार, म्हणजे लिफ्ट आलीच, मग तिची जागा पहिल्याच स्केचमध्ये दाखवा. व्हेनिसच्या त्या पुलावर आधी काहीच सोय नव्हती, आरडाओरडा झाल्यावर 2013 मध्ये कडेने सरकणारी अंड्याच्या आकाराची केबिन लावली, दीड मिलियन युरोंच्या वर खर्च, कामाला कटकटीची, आणि 2020 मध्ये काढून पण टाकली. नंतर चिकटवलेल्या गोष्टीचं असंच होतं. लिफ्ट घेतलीत तर एक लक्षात ठेवा, मशीन वर ठेवा आणि खालच्या खड्ड्यात पाणी शिरणार असं धरूनच डिझाइन करा. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी घराघरात आली होती तेव्हा तळमजल्याच्या मोटरींचं काय झालं ते बडोदेकरांना वेगळं सांगायला नको. व्हेनिसमध्ये तर भरतीचं पाणी दरवर्षीचंच, आता समुद्राकडून मोझेचे, म्हणजे भरती अडवणारे, दरवाजे उचलतात 2020 पासून, तरी पाणी शिरणार असंच धरा.

लोड. आपल्या आयआरसीमध्ये, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमांत, पुलावरच्या फूटपाथला चौरस मीटरला 400 किलो आणि जत्रा-यात्रेची गर्दी होणार असेल तिथे 500. पादचारी पुलाला गुपचूप 500 धरा. 'इथे एवढी माणसं येणारच नाहीत' हे वाक्य मीटिंगमध्ये कोणी बोललं तर त्याला विसर्जनाच्या मिरवणुकीत घेऊन जा. 30 ऑक्टोबर 2022 ला मोरबीचा झुलता पूल तुटला, 135 माणसं गेली, आणि दुरुस्तीनंतर उघडून जेमतेम चार दिवस झाले होते. गुजरातेत राहून फूटब्रिजवर लिहिताना हे विसरता येत नाही. रुंदीचं म्हणाल तर एका मीटर रुंदीतून मिनिटाला पन्नासेक माणसं आरामात जातात, त्यावरून काढा, आणि मधे जास्त रुंदी द्या कारण लोक मधेच थांबणार, फोटो काढणार, तुम्ही कितीही बोर्ड लावा. ही गोष्ट कालात्रावाने बरोबर केलीय, त्याचा पूल टोकांना साडेपाच मीटर आणि मधे नऊच्या वर आहे.

पूल पडणार नाही एवढं पुरत नाही, तो हलला तरी लोक त्यावर जात नाहीत. माणूस सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो, म्हणजे वर-खाली दणका दोनदा आणि डावी-उजवीकडे ढकलणं एकदा. लंडनचा मिलेनियम ब्रिज 10 जून 2000 ला उघडला, तुफान गर्दी झाली, पूल आडवा डोलायला लागला, तोल सांभाळायला लोक नकळत त्याच तालात पाय फाकवून चालायला लागले आणि डोलणं आणखी वाढलं. 12 तारखेला बंद. मग डँपर (हलणं शोषून घेणारी यंत्रं) वगैरे बसवून 2002 मध्ये परत उघडला, वरचा खर्च पाच मिलियन पाउंड. युरोकोड म्हणजे युरोपातल्या बांधकामाच्या नियमांत सोपं सांगितलंय, पुलाची उभी फ्रिक्वेन्सी (सेकंदाला किती वेळा हलतो) 5 हर्ट्झच्या खाली किंवा आडवी 2.5 च्या खाली असेल तर कंपनाची वेगळी तपासणी करा. आणि डँपरची जागा आधीपासून रिकामी ठेवा, लागले तर बसवता येतील.

स्टीलचं थोडक्यात. खाऱ्या हवेत कॉर्टेन, म्हणजे वरच्या गंजाच्या थरानेच टिकणारं स्टील, नको, त्याचा गंज कधी स्थिरच होत नाही, आणि खाली गंजाचे डाग दगडावर ओघळतात. गॅल्वनाइज करून पेंट, आणि पाणी साचेल असा एकही कोपरा ठेवू नका. जोडाच्या खाली हात घालून ब्रश मारता येतो का बघा, येत नसेल तर तिथूनच सडणार.

परवानग्यांबद्दल पोरांना काहीच माहीत नसतं. आपल्याकडे केंद्र संरक्षित स्मारकापासून 100 मीटर बांधकाम बंद आणि त्यापुढच्या 200 मीटरला परवानगी लागते. युनेस्कोच्या यादीतल्या शहरात, व्हेनिस 1987 पासून आणि ॲमस्टरडॅमचे कालवे 2010 पासून आहेत, तिथे वारसा समितीला पुलावरून काय दिसतं यापेक्षा पूल आल्यावर जुनं काय झाकलं जातं यात जास्त इंटरेस्ट. म्हणून रेंडर (कॉम्प्युटरवरची चित्रं) दाखवताना फक्त पुलाचा हिरो शॉट नको, काठावरच्या जुन्या घराच्या खिडकीतून आणि पाण्यातल्या बोटीतून पण दाखवा. ठामपणे बोलता येत नसेल तर तात्पुरता पूल सुचवा. ॲमस्टरडॅममध्ये 2021 साली स्टीलचा थ्रीडी प्रिंट केलेला 12 मीटरचा पूल मर्यादित मुदतीसाठी टाकला, सेन्सर लावून, आणि 2023 मध्ये उचलला. काढता येणारी गोष्ट म्हटली की समितीचे चेहरे जरा सैल होतात.

बसवायचं कसं हे पण आधी ठरवा. जुन्या गल्लीत मोठी क्रेन जाणार नाही आणि गेली तर काठावर उभी करू नका. पाणी आहे ना समोर, तेच वापरा. व्हेनिसला 2007 मध्ये पुलाचे तुकडे बार्जवर ठेवून ग्रँड कॅनॉलमधूनच आणले. मग तुमच्या सगळ्यात मोठ्या तुकड्याचं माप वाटेतल्या सगळ्यात ठेंगण्या पुलावरून आणि त्या दिवसाच्या पाण्याच्या पातळीवरून ठरतं. वेल्डिंग शक्य तेवढं वर्कशॉपमध्ये, जागेवर कमीत कमी जोड.

शेवटी उघडायच्या आधी फीत कापायची घाई करू नका. टँकर बोलवा, पायऱ्या ओल्या करा, आणि वेगवेगळी माणसं चालवा, चामडी सोलचे बूट, घासलेली स्लिपर, भरलेली ट्रॉली बॅग, काखेत बाळ, काठी, व्हीलचेअर. रात्री दिवे लावून परत एकदा, कारण कठड्यातला लाइट डोळ्यावर आला की पायरीची कड दिसत नाही. जिथे दोन माणसं सारखीच अडखळली तिथे खडूने खूण करा आणि ती पायरी उखडून नव्याने बसवा, आणि त्याच खाणीतला जास्तीचा दगड महानगरपालिकेच्या गोडाऊनमध्ये कापून, नंबर टाकून ठेवायला लावा.