टाइमशेअर विकत घ्यावा की भाड्याने? खर्चाचा हिशेब मांडण्याची रीत

टाइमशेअरच्या करारात दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात: सुट्टीसाठीच्या रिसॉर्टमध्ये दरवर्षी ठरावीक दिवसांच्या मुक्कामाचा हक्क, आणि त्या हक्कापोटी दरवर्षी देखभाल शुल्क भरण्याचे बंधन. विक्रीच्या बैठकीत पहिल्या गोष्टीचे भरभरून वर्णन होते. दुसरीचा उल्लेख बहुधा ओझरता असतो. प्रत्यक्षात दीर्घकाळाचा खर्च या दुसऱ्या गोष्टीवरच ठरतो. म्हणून खरेदी आणि भाडे यांची तुलना घरी बसून, शांतपणे, कागदावर आकडे मांडून करावी, असा माझा आग्रह आहे.

आधी आपल्याला नेमके काय देऊ केले जात आहे हे समजून घ्यावे. ठरावीक आठवडा, उपलब्धतेनुसार बदलता आठवडा आणि गुण किंवा पॉइंट असे तीन प्रकार सर्वसाधारणपणे आढळतात. काही ठिकाणी मालमत्तेत नोंदणीकृत हिस्सा मिळतो, तर काही ठिकाणी ठरावीक मुदतीपुरता केवळ वापराचा हक्क मिळतो. पॉइंटच्या योजनेत विशेष लक्ष द्यावे लागते, कारण एका मुक्कामासाठी किती पॉइंट लागतील याचे कोष्टक बदलण्याचा अधिकार करारात कंपनीने स्वतःकडे ठेवलेला असू शकतो.

त्यानंतर चार आकडे मिळवावेत. पहिला म्हणजे खरेदीची एकूण किंमत. नोंदणी, कागदपत्रे आणि कर यांचा खर्च त्यात धरावा. दुसरा म्हणजे वार्षिक देखभाल शुल्क. पण केवळ यंदाचे नव्हे, तर मागील दहा वर्षांत ते कसकसे वाढत गेले याचा लेखी तपशील मागावा. तिसरा आकडा भाड्याचा: त्याच ठिकाणी, त्याच हंगामात, तेवढ्याच आकाराची खोली आठवडाभर घेतल्यास किती भाडे पडते? येथे पर्यटन-निवासाच्या जाहिरातीतील छापील दर धरू नये. ज्यांना त्या वर्षी जाणे जमत नाही असे अनेक टाइमशेअरधारक आपला आठवडा भाड्याने देतात, आणि त्यांची अपेक्षा पुष्कळदा भरलेले शुल्क वसूल व्हावे एवढीच असते. त्यामुळे मंद हंगामात हे भाडे वार्षिक शुल्काच्या आसपास, कधी त्याहूनही खाली मिळते. आणि ज्या आठवड्याचे भाडे शुल्काइतकेच आहे, तो विकत घेण्यासाठी मोठी रक्कम गुंतवण्याला आर्थिक कारण उरत नाही. चौथा आकडा आपल्या घरचा आहे: गेल्या काही वर्षांत एकाच प्रकारच्या ठिकाणी, सलग आठवडाभर, कुटुंब खरोखर किती वेळा गेले? इच्छेचा आकडा येथे उपयोगाचा नाही.

आता हिशेब. खरेदीची किंमत १०० धरू, म्हणजे बाकीचे आकडे त्याच प्रमाणात समजून घेता येतील. वार्षिक शुल्क ५ आहे आणि ते दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढते असे माना. या गतीने ते सुमारे १४ वर्षांत दुप्पट होते, आणि २० वर्षांत भरलेल्या शुल्कांची बेरीज सुमारे १६५ होते, म्हणजे मूळ किमतीच्या दीडपटीहून अधिक. किंमत मिळवली की एकूण खर्च २६५. तशाच खोलीचे आठवड्याचे भाडे आज ८ असेल आणि तेही ५ टक्क्यांनीच वाढत असेल, तर २० वर्षांचे भाडे जवळजवळ तेवढेच भरते. वरवर पाहता दोन्ही पर्याय सारखेच.

मात्र या बेरजेत एक मोठी बाब सुटते. खरेदीदाराने १०० पहिल्याच दिवशी दिले; भाडेकरूकडे ते राहिले. त्याने ती रक्कम ५ टक्के परतावा देणाऱ्या सुरक्षित ठेवीत ठेवली, आणि शुल्कापेक्षा भाड्यासाठी जे जास्त द्यावे लागतात, म्हणजे पहिल्या वर्षी ३ आणि पुढे वाढत जाणारी रक्कम, ते दरवर्षी सुरुवातीला त्यातूनच काढले, तरी २० वर्षांनंतर त्याच्या हाती सुमारे १०६ शिल्लक राहतात. (परताव्यावरील कर येथे धरलेला नाही; तो आपल्या दराप्रमाणे वजा करावा.) खरेदीदाराकडे त्या वेळी जुना टाइमशेअर असतो, ज्याची पुनर्विक्री मूळ किमतीच्या अगदी अल्प भागाला होते आणि काही वेळा तर फुकट घ्यायलाही कोणी पुढे येत नाही.

मूळ किंमत कर्ज काढून दिली, तर चित्र आणखी बिघडते. १०० चे कर्ज वार्षिक १५ टक्के व्याजाने दहा वर्षांच्या मासिक हप्त्यांत फेडताना एकूण सुमारे १९४ भरावे लागतात. सुट्टीसाठी असे कर्ज काढू नये, हे मी ठामपणे सांगेन. त्याचप्रमाणे आजारपण, परीक्षा, नोकरीतील बदल यांमुळे २० पैकी ६ वर्षे जाणे झाले नाही, तर भाडेकरूचा त्या वर्षांचा खर्च शून्य असतो. खरेदीदाराला शुल्क भरावेच लागते, आणि त्याचा दर मुक्कामामागचा खर्च वाढतो. मोठ्या दुरुस्तीसाठी लावला जाणारा विशेष आकारही सर्व धारकांत वाटला जातो. तसेच आरसीआय किंवा इंटरव्हल इंटरनॅशनल यांसारख्या संस्थांमार्फत आठवड्यांची अदलाबदल करायची असल्यास सदस्यत्वाचे आणि प्रत्येक अदलाबदलीचे शुल्क वेगळे पडते. हवे ते ठिकाण हव्या त्या तारखांना मिळेलच याची खात्री नसते.

मग खरेदी कधीच परवडत नाही का? परवडते, पण बहुधा कंपनीकडून नव्हे, तर जुन्या धारकाकडून घेतल्यास. तोच आठवडा १०० ऐवजी २० ला मिळाला, तर भाड्यातील ३ ची वार्षिक बचत सुमारे ७ वर्षांत ती रक्कम भरून काढते. ऐन हंगामातील ठरावीक आठवडा, जिथे भाडे शुल्काच्या कितीतरी पट आहे, आणि दरवर्षी न चुकता तिथेच जाणारे कुटुंब, अशी जोड जुळली तर हा सौदा विचारात घेण्यासारखा आहे. मात्र पुनर्विक्रीतून घेणाऱ्यास काही सवलती नाकारल्या जातात. त्या कोणत्या, हे कंपनीकडून आधी लेखी विचारून घ्यावे, आणि मागील शुल्काची थकबाकी नसल्याचे पत्रही मागावे.

भाड्याने घेताना काळजी वेगळी असते. धारकाचे त्या वर्षाचे शुल्क भरलेले आहे आणि आरक्षण आपल्या नावावर झाले आहे, याची खातरजमा थेट रिसॉर्टकडे फोन करून करावी. पैसे अशा मार्गाने द्यावेत की फसवणूक झाल्यास तक्रार करून ते परत मागता येतील. रद्द केल्यास किती रक्कम मिळेल, हे करारात स्पष्ट असावे.

हे सर्व पाहूनही कंपनीकडून खरेदी करण्याचे ठरले, तर सही करण्यापूर्वी करार घरी आणून वाचावा; आजच सही केली तरच सवलत मिळेल, असे सांगितले गेल्यास उठून यावे. करार किती वर्षांचा आहे, तो वारसांकडे जातो का, आणि शुल्क थकल्यास काय होते, ही कलमे प्रथम शोधावीत. करार रद्द करण्याची मुदतही पाहावी. युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशानुसार ती १४ दिवसांची असून त्या काळात आगाऊ रक्कम घेण्यास मनाई आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात ती १० दिवसांची आहे. मुदत उलटण्याआधी मन बदलल्यास रद्द करण्याची सूचना करारात सांगितलेल्या पद्धतीनेच, लेखी, पोच मिळेल अशा रीतीने पाठवावी आणि तिची प्रत जपून ठेवावी.