पी०३३५ आणि माझी घाई

आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकची दोन वर्षं काढून मी कुर्ल्याला सीएसटी रोडवरच्या एका गॅरेजात लागलो. स्कॅनर, म्हणजे गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, चालवणारा मी एकटाच, त्यामुळे थोडा हवेत होतो. उस्तादांचा हात बसलेला पद्मिनी टॅक्सीवर. तिच्यात सेन्सर नव्हताच. डिस्ट्रिब्यूटर, पॉइंट आणि उस्तादांचे कान, एवढ्यावर ठिणगीचं टायमिंग लागायचं.

पहिल्याच पावसाळ्यात टूरिस्ट परमिटची एक पेट्रोल गाडी आली. सकाळी झकास, पण एअरपोर्टची दोन भाडी मारून तापली की सिग्नलला बंद. सेल्फ फिरतो, इंजिन उचलत नाही. अर्ध्या तासाने आपोआप चालू. स्कॅनरवर पी०३३५. झालं, क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा (क्रँक) कुठे आहे ते सांगणारा! दहाचा पाना घेतला, नवा सेन्सर बसवला, कोड पुसला, बिल केलं. तिसऱ्या दिवशी गाडी टोइंगवर परत. ड्रायव्हरदादा एक शब्द बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. शिव्या परवडल्या असत्या.

या कोडचा अर्थ ‘क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड’ असा आहे. सर्किटमध्ये सेन्सर आला, तसा कपलर (वायरचा जोड), वायर, अर्थ आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटरही आला. मी पाचातला एकच वाचला होता.

“वायर हातात घेतली होतीस का रे?” उस्तादांनी विचारलं.

“नाही उस्ताद.”

त्यांनी बॅटरीची निगेटिव्ह काढायला लावली, दोन्ही टोकांचे कपलर सोडवले आणि मीटर बझरवर (तार अखंड असली की वाजतो) ठेवून मला धरायला दिला. बझर सलग वाजत होता. मग ते कपलरपासून वायर चिमटीत धरून इंच-इंच वाकवत गेले. साधारण वीतभर अंतरावर बझर गप्प. तिथली क्लिप कधीच तुटलेली, वायर लोंबून हादरे खात होती. वरचं रबर शाबूत, आत तांबं तुटलेलं. गरम झाली की टोकं सुटायची, निवली की टेकायची.

बऱ्याच गाड्यांत क्रँकबरोबर फिरणाऱ्या चकतीवर साठ दातांची जागा असते, पैकी दोन मुद्दाम गाळलेले. ती फट सेन्सरसमोरून गेली की क्रँक कुठे आहे ते ईसीयूला कळतं, मग ठिणगी आणि पेट्रोलची वेळ ठरते. म्हणून सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम बघा. सेल्फ फिरतोय आणि आकडा शून्यावरच, तर सिग्नल पोचत नाहीये. कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, त्याच्या सेन्सरचा कोड वेगळा, पी०३४०. पी००१६ आला तर कॅम आणि क्रँकचा मेळ बसत नाहीये. तेव्हा या दोघांना जोडणारी टायमिंग चेनसुद्धा तपासा, नुसतं सेन्सरच्या मागे लागू नका.

मीटर लावण्याआधी तारा मोजा. दोन तारांचा सेन्सर चुंबकी असतो, त्याचा रेझिस्टन्स बघता येतो. तो किती हवा ते त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा, दुसऱ्या गाडीचा आकडा लावू नका. तीन तारांचा बहुधा हॉल सेन्सर, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक चिप असलेला. त्याला ओहम लावून काही कळत नाही. तिथे इग्निशन ऑन करून कपलरवर सप्लाय आणि अर्थ येतोय का ते बघायचं. तापल्यावरच दगा देणारा चुंबकी सेन्सर पकडायला उस्ताद शेजारच्या सलूनमधून हेअर ड्रायर आणतात. मीटर लावून सेन्सर हळूहळू गरम करायचा. आकडा उडाला की चोर सापडला. सलूनवाला आता विचारतही नाही.

सेन्सर काढलाच तर टोकाला चिकटलेला लोखंडाचा चुरा पुसा, ओ-रिंग नवी टाका आणि बसवताना हातोडी लांब ठेवा. काही गाड्यांत नंतर स्कॅनरने रीलर्न करावं लागतं, म्हणजे ईसीयूला नव्या सेन्सरशी जुळवून द्यावं लागतं.

त्या दिवशी वायर सोल्डर करून स्लीव्ह चढवली, नवी क्लिप लावली. दादांना सेन्सरचे पैसे उस्तादांनी परत केले. इलेक्ट्रिकचा माल दुकानदार परत घेत नाही, त्यामुळे ते माझ्या पगारातून गेले. काढलेला जुना, चांगला सेन्सर अजून माझ्या टूलबॉक्समध्ये आहे.