आर मध्ये 'शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल' सापडत नाही म्हणतंय? आधी हे बघा

परवा रात्री ठाण्याहून शेवटच्या लोकलने घरी आलो, लॅपटॉप उबुंटू २०.०४ वरून २२.०४ ला नेला आणि आर (आकडेवारीसाठीची प्रोग्रामिंग भाषा) मध्ये स्ट्रिंगी हे मजकूर हाताळायचं पॅकेज लोड करायला गेलो तर एरर, लिबआयसीयूआय१८एन डॉट एसओ डॉट ६६ ही शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल, म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात ती लायब्ररी, सापडत नाही म्हणे. साहजिक आहे, २२.०४ मध्ये ७० नंबरची आहे, आणि आपलं पॅकेज जुन्या ६६ वर कंपाइल झालेलं.

तर एरर पूर्ण वाचा, लायब्ररीचं नाव त्यातच असतं. मग पॅकेजच्या लिब्स फोल्डरमधल्या डॉट एसओ फाइलवर एलडीडी (फाइलला कुठल्या लायब्ररी लागतात ते दाखवणारी कमांड) चालवा, ज्या ओळीपुढे 'नॉट फाउंड' येईल तोच चोर.

आधी चाललेलं पॅकेज अपग्रेडनंतर बंद पडलं असेल तर ते आर मधूनच सोर्सवरून परत इन्स्टॉल करा, बास. माझं तेवढ्यानेच झालं.

७० ला ६६ नावाची सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारं नाव) मारायचा मोह आवरा हां, मी मारली होती, एरर गेली नाही, उलट सिम्बॉल (लायब्ररीतल्या फंक्शनचं नाव) सापडत नाही म्हणून दुसरीच आली.

आणि पहिल्यांदाच इन्स्टॉल करताना कंपाइल अडलं तर बहुतेक वेळा डेव्ह वालं (कंपाइलला लागणाऱ्या फाइल्सचं) पॅकेज नसतं, म्हणजे एसएफ या नकाशांच्या पॅकेजसाठी लिबजीडीएएल-डेव्ह, लिबयुडुनिट्स२-डेव्ह वगैरे, ते ॲप्टने (उबुंटूचा पॅकेज इन्स्टॉलर) टाका. लायब्ररी हाताने यूएसआर लोकल मध्ये टाकली असेल तर सुडो (ॲडमिन हक्क) लावून एलडीकॉन्फिग (सिस्टिमची लायब्ररींची यादी ताजी करणारी कमांड) चालवायला विसरू नका, फाइल समोर दिसत असते तरी सिस्टिम नाही म्हणते ती यामुळेच.