नाशिकला वाईन टेस्टिंगला जायचंय? मग हे असं जमवा

नाशिकच्या वाईनरीत जाणाऱ्या बऱ्याच जणांची ट्रिप अशीच होते, की पोचायचं, द्राक्षबागेसमोर फोटो काढायचे, समोर आलेले छोटे ग्लास पटापट रिकामे करायचे, पिझ्झा खायचा आणि परत गाडीत. मजा त्यातही येते पण चव काय होती ते दुसऱ्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण आपल्याच मातीतल्या द्राक्षांपासून इतकं चांगलं काही बनतंय तर ते थोडंच घ्यावं पण नीट लक्ष देऊन घ्यावं. पहिल्यांदा जाताय असं धरून सगळं क्रमाने सांगते.

आधी सीझन बघा

युरोपात द्राक्षं ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या आसपास काढतात, आपल्याकडे मात्र जानेवारी ते मार्च. आपल्या हवेत वेल थंडीत पूर्ण झोपत नाही म्हणून बागायतदार वर्षातून दोन छाटण्या करतात, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, ज्याला सगळे ऑक्टोबर छाटणीच म्हणतात. पावसाळ्यात पीक घेत नाहीत, घड धरायचे ते थंडीत, म्हणजे दिवसा ऊन आणि रात्री गारवा मिळून साखर भरते आणि आंबटपणाही टिकून राहतो. त्यामुळे वेलीवर घड बघायचे असतील तर जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत जा, तेव्हा तोडणी पण चालू असते आणि काही ठिकाणी पायाने द्राक्षं तुडवायचा कार्यक्रम ठेवतात (जुने कपडे न्या, डाग जात नाहीत. खरी वाईन मशीनच्या प्रेसवरच होते, हा फक्त आनंदाचा भाग).

जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर घड नसतात पण डोंगर हिरवेगार आणि धरणं भरलेली असतात, नुसत्या व्ह्यूसाठी मला तोच काळ जास्त आवडतो. एप्रिल-मे मात्र टाळा. आणि निघायच्या आधी ड्राय डे नाही ना ते बघा, 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर हे तर नक्कीच, शिवाय निवडणुकीच्या तारखा. 26 जानेवारीला बऱ्याचदा लाँग वीकेंड जोडून येतो आणि लोक नेमके तेव्हाच बुकिंग करतात.

कुठली वाईनरी

एका दिवसात दोन, त्याहून जास्त नको. तिसऱ्या ठिकाणी जिभेला काही कळत नाही.

गंगापूर धरणाच्या बाजूला सुला आणि यॉर्क अगदी जवळजवळ आहेत, सोमा पण त्याच पट्ट्यात. सुलाची टेस्टिंग रूम 2005 ची, आज देशभर जे वाईन टुरिझम चाललंय त्याची सुरुवात तिथूनच झाली, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याने ती बघावीच, पण शनिवार-रविवारी तिथे प्रचंड गर्दी असते. यॉर्क छोटी आहे (2021 पासून ती सुलाकडेच आहे), वरून धरणाचं पाणी दिसतं आणि संध्याकाळी तिथे बसण्यासारखं सुख नाही. म्हणून माझं मत, सकाळी सुला आणि उन्हं उतरली की यॉर्क.

मुंबईहून येणाऱ्यांना अजून एक पर्याय म्हणजे इगतपुरीजवळ संजेगावची बाजू, तिथे ग्रोव्हर झाम्पा आणि व्हॅलोन, मुकणे धरणाच्या परिसरात. हे शांत आहे, गर्दी कमी, बोलायला माणूस निवांत मिळतो. कुठेही जा, आधी फोन करून किंवा ऑनलाइन टूरची वेळ बुक करा, छोट्या ठिकाणी न सांगता गेलं की टूर मिळेलच असं नाही. जमत असेल तर मंगळवार-बुधवार असा मधला वार धरा.

गाडी कोण चालवणार ते घरूनच ठरवून निघा

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. वाईनमध्ये साधारण 11 ते 14 टक्के अल्कोहोल असतं, आणि कायद्याने गाडी चालवणाऱ्याच्या 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, त्याच्या वर सापडलात तर पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. मुंबई-पुण्याहून आलात तर परतीचा रस्ता लांबचा, त्यात कसारा घाट नाहीतर ट्रकची वर्दळ. एक तर न पिणारा ड्रायव्हर, नाहीतर ट्रेनने नाशिक रोडला उतरून दिवसभराची टॅक्सी, नाहीतर तिथेच मुक्काम. ॲप कॅबच्या भरवशावर जाऊ नका, संध्याकाळी त्या बाजूला मिळेल याची खात्री नसते.

वयाचा पुरावा सोबत असू द्या, टेस्टिंगला 21 पूर्ण लागतात. आई-बाबा किंवा न पिणारं कुणी सोबत असेल तरी बिनधास्त न्या, त्यांना टूर आणि बाग दोन्ही आवडतं, फक्त ग्लास घ्यायचा आग्रह करू नका.

त्या दिवशी सकाळी

नाशिकला आलोय म्हणजे मिसळ हवीच, बरोबर, पण ती टेस्टिंगच्या आधी नको. तर्रीने जीभ पोळली की पुढचे तास-दोन तास नाजूक चवी लागतच नाहीत. मिसळ दुसऱ्या दिवशी सकाळी खा. टेस्टिंगच्या दिवशी पोहे, इडली, उपमा असं काहीतरी साधं पोटभर, कारण रिकाम्या पोटी तर अजिबातच जायचं नाही. परफ्युम, अत्तर, डिओ त्या दिवशी राहू दे, तुमचंच नाही तर शेजारच्याचंही नाक बंद होतं. वेळ अकराच्या आसपासची घ्या, तेव्हा जीभ ताजी असते.

टूरमध्ये काय बघायचं

बागेत गेल्यावर एक फरक बघा, खायच्या द्राक्षांची बाग बहुतेक मांडवावर असते आणि वाईनच्या द्राक्षांचे वेल तारांवर उभ्या ओळींत. मणी लहान, साल जाड, आत बिया. घड तोडू नका, ते कुणाचं तरी पीक आहे आणि फवारणी कधी झाली ते आपल्याला माहीत नसतं.

आत स्टीलच्या मोठ्या टाक्या दिसतील. तिथे हे विचारा की लाल वाईन लाल कशी होते. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस जवळपास पांढराच असतो, रंग सालीतून येतो, म्हणून रेड वाईन सालीसकट आंबवतात आणि व्हाइटचा रस आधीच वेगळा काढून थंड टाकीत हळूहळू आंबवतात. रोझेमध्ये, म्हणजे गुलाबी वाईनमध्ये, साल थोडाच वेळ ठेवतात. एवढं डोक्यात ठेवून टेस्टिंगला बसलात तर समोरचा प्रत्येक ग्लास आपोआप समजायला लागतो.

आता टेस्टिंग, आणि इथे घाई नको

एका ग्लासात साधारण 30 मिली ओततात, म्हणजे पाच प्रकार घेतले तरी एकूण एक मोठा ग्लासच होतो. क्रम हलक्याकडून जडाकडे, आधी स्पार्कलिंग (बुडबुड्यांची), मग व्हाइट, रोझे, रेड आणि शेवटी गोड लेट हार्वेस्ट (द्राक्षं वेलीवर जास्त पिकू देऊन केलेली). क्रम उलटा केला तर रेडनंतर व्हाइट पाण्यासारखी लागते.

ग्लास दांडीला धरा, वाटी हातात धरली की वाईन गरम होते. पांढऱ्या कागदासमोर तिरका करून रंग बघा. न हलवता एकदा वास घ्या, मग टेबलावर ठेवूनच गोल फिरवा आणि परत घ्या, दुसऱ्यांदा वेगळाच वास येतो आणि इथेच खरी गंमत आहे. सांगणारा ब्लॅकबेरी, गूजबेरी म्हणेल, तुम्हाला ते वास माहीत नसतील तर मान डोलवू नका, स्वतःच्या आठवणीतलं शोधा. पेरू वाटला तर पेरू म्हणा, जांभूळ, कैरी, लिंबाची साल, पावसानंतरची माती, काहीही चालतं. सोव्हिन्यो ब्लाँ या व्हाइटमध्ये बऱ्याचदा हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो आणि शिराझ या रेडमध्ये काळ्या मिरीचा, आणि हा भास नसतो. मिरीत जे रोटनडोन नावाचं द्रव्य असतं तेच शिराझच्या सालीतही असतं, ढोबळीचंही तसंच.

मग छोटा घोट, लगेच गिळू नका, तोंडभर फिरवा. जिभेच्या कडेला पाणी सुटलं तर तो आंबटपणा, आणि हिरड्या-गाल आवळल्यासारखे झाले तर ते टॅनिन, म्हणजे सालीतून येणारं तुरट द्रव्य, जांभूळ खाल्ल्यावर होतं ना अगदी तसंच. गिळल्यावर चव किती वेळ राहते तेही बघा. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते वापरण्यात काहीही लाज नाही, व्यावसायिक टेस्टर थुंकतातच, आणि आवडली नाही तर उरलेली त्यातच ओता. मधेमधे पाणी आणि साधा ब्रेड. प्रत्येक ग्लासनंतर फोनमध्ये दोन शब्द टाइप करा, नाव आणि काय वाटलं, नाहीतर संध्याकाळपर्यंत सगळं एकमेकांत मिसळतं.

नवीन असाल तर शनँ ब्लाँ ही व्हाइट बहुतेक लगेच आवडते, थोडा गोडसरपणा असतो आणि आपल्या तिखट जेवणाबरोबर ती छान जाते. रेड पहिल्या घोटात तुरट लागली म्हणून सोडू नका, चीजच्या तुकड्याबरोबर परत घेऊन बघा, तुरटपणा एकदम मऊ होतो.

औषधं चालू असतील किंवा प्रेग्नन्सी असेल तर घोटसुद्धा नको, वासाचा भाग मात्र तुम्हीही करू शकता.

बाटली घेताना

फोनमधल्या नोंदी बघूनच घ्या, दुकानात सगळंच चांगलं वाटतं. तिथेच मिळणारी, शहरात न दिसणारी एखादी बाटली विचारा. बिल जपून ठेवा. सुरत-वापीकडून आलेल्यांनी बाटल्या घेऊन परत जाऊ नये, गुजरातमध्ये दारूबंदी आहे. उन्हात उभ्या गाडीत बाटली ठेवली तर वाईन अक्षरशः शिजते, म्हणून खरेदी अगदी शेवटी करा.

घरी बुचाची बाटली आडवी ठेवा, फिरकीच्या झाकणाची उभी चालते. रेड रूम टेंपरेचरला प्यायची असं सगळे सांगतात पण ते थंड देशातल्या खोलीचं, साधारण 16 ते 18 डिग्री, आपल्याकडे रेडसुद्धा आधी वीस-पंचवीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्येच, आणि दोन-तीन दिवसांत संपवा.