गर्भनिरोधक गोळ्या घेताना या चुका टाळा

गणपती होऊन दीड-दोन महिने झाले की आमच्या उपकेंद्रात पाळी चुकलेल्या बायका येऊ लागतात. मी कोकणात आरोग्यसेविका आहे आणि दरवर्षी हे बघते. "ताई, गोळी तर घेत होते की!" असं म्हणून बाई पर्समधून माला-एनचं पाकीट काढते. मी ते हातात घेऊन मोजते. नऊ गोळ्यांच्या जागा रिकाम्या, बाकीच्या जशाच्या तशा. नवरा मुंबईहून आला त्या रात्री सुरू केली, तो परत गेला त्या दिवशी बंद केली.

तिची चूक नाही. गोळी कशी चालते हे तिला कुणी नीट सांगितलेलंच नसतं. डोकेदुखीची गोळी त्या दिवसापुरती लागू पडते, पण ही तशी नाही. माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यातल्या २१ पांढऱ्या गोळ्यांत लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि एथिनिल एस्ट्राडिओल ही दोन संप्रेरकं (हार्मोन) असतात, उरलेल्या ७ गडद रंगाच्या गोळ्या नुसत्या लोहाच्या. संप्रेरकांमुळे बीजकोशातून बीज बाहेर पडत नाही. पण बीजकोश असा शांत व्हायला ओळीने सात दिवस पांढरी गोळी पोटात जावी लागते. पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू केली तर पहिल्या दिवसापासून भरवसा. मध्येच कधी सुरू करायची असेल, तर आधी दिवस गेलेले नाहीत याची खात्री करून घ्या आणि पुढचे सात दिवस निरोध वापरा. नवरा वर्षातून दोनदाच घरी येणार असेल तर निरोध पुरतो. ते जमणार नसेल तर तांबी आहे, तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन आहे. आठ दिवसांपुरती गोळी मात्र नको.

नवं पाकीट उशिरा सुरू करणं

दिवस राहिलेल्या बायकांशी बोलताना मला ही चूक फार वेळा सापडली आहे, आणि तीच सगळ्यात कमी ओळखली जाते. एखादी गोळी राहिली की बायका घाबरून फोन करतात. नवं पाकीट दोन दिवस उशिरा सुरू झालं तर कुणाला काही वाटत नाही. खरं तर धोका तिथेच जास्त असतो. पांढऱ्या गोळ्या थांबल्या की बीजकोश हळूहळू जागा होऊ लागतो. सात दिवसांची सुट्टी त्याला परवडते, त्याहून लांबली की बीज तयार होऊन बाहेर पडू शकतं.

औषधाच्या दुकानात २१ गोळ्यांची पाकिटं मिळतात, ती घेणाऱ्यांचं हे जास्त होतं. 'पाळीच्या पाचव्या दिवशी सुरू करा' असं त्यांना सुरुवातीला सांगितलेलं असतं आणि त्या तो नियम दर महिन्याला पाळतात. आता हिशोब बघा. शेवटची गोळी रविवारी झाली. सात दिवस सोडून नवं पाकीट त्यापुढच्या सोमवारी उघडायचं. पण पाळी शनिवारी आली. तिचा पाचवा दिवस बुधवारी येतो. बाईने बुधवारी सुरुवात केली आणि सुट्टी नऊ दिवसांची झाली. पाचव्या दिवसाचा नियम फक्त पहिल्या पाकिटाला. त्यानंतर पाळी येवो, न येवो, चालू असो, शेवटच्या गोळीनंतर आठव्या दिवशी नवं पाकीट. २८ गोळ्यांच्या पाकिटात हा प्रश्नच येत नाही. लोहाची शेवटची गोळी संपली की दुसऱ्या दिवशी नव्या पाकिटातली पहिली पांढरी. म्हणून मी २८ चंच पाकीट घ्यायला सांगते. आणि जुनं संपायच्या आधी नवं घरात आणून ठेवा.

गोळी राहिली तर

एक पांढरी गोळी राहिली तर आठवेल तेव्हा घ्या, त्या दिवसाची ठरल्या वेळी घ्या. एका दिवशी दोन झाल्या तरी चालतं. बाकी काही करावं लागत नाही.

ओळीने दोन किंवा जास्त राहिल्या तर शेवटी राहिलेली एकच लगेच घ्या, आधीच्या सोडून द्या. पाकीट पुढे चालू ठेवा आणि सात दिवस निरोध वापरा. आता त्या कुठे राहिल्या ते बघा. पहिल्या आठवड्यात राहिल्या असतील आणि त्या दिवसांत संबंध आला असेल तर ७२ तासांच्या आत तातडीची गर्भनिरोधक गोळी घ्या, जितकी लवकर तितकी चांगली. तिसऱ्या आठवड्यात राहिल्या असतील तर उरलेल्या पांढऱ्या संपवा, लोहाच्या सोडा आणि लगेच नवं पाकीट सुरू करा. लोहाची गोळी राहिली तर ती टाकून द्या, चिंता नाही.

गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी घ्या. उलट्या-जुलाब दिवसभराहून जास्त चालले तर गोळ्या राहिल्या असंच समजून वागा.

एका बाईचं पाकीट पिठाच्या डब्यात असायचं, सासूबाईंना कळू नये म्हणून. स्वयंपाकघरात कुणी नसेल त्या रात्रीच गोळी. महिन्यात पाच-सहा राहायच्या. तिला मी अंतरा सुचवलं. लपवून रोज काही करणं किती अवघड आहे हे बाहेरून सांगणाऱ्याला कळत नाही. जिला शक्य आहे तिने पाकीट दात घासायच्या ब्रशजवळ ठेवावं आणि मोबाइलवर गजर लावावा.

दुसऱ्याच गोळीवर विसंबणं

गौरी-सत्यनारायणासाठी पाळी पुढे ढकलायची गोळी घेतात, त्यात नॉरएथिस्टेरॉन असतं. त्या गोळीवर गर्भनिरोधासाठी विसंबू नका. माला-एन घेणारीला तर तिची गरजच नाही. त्या महिन्यात लोहाच्या गोळ्या सोडून नवं पाकीट जोडून घेतलं की पाळी पुढे जाते. छाया ही वेगळी गोळी, संप्रेरक नसलेली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. जावेची छाया बघून माला-एन आठवड्यातून दोनदा घेणारीही मला भेटली आहे.

टीबीचं रिफाम्पिसिन आणि फिटच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिनसारख्या काही गोळ्या माला-एनचा जोर कमी करतात. अशा वेळी दुसरा उपाय हवा, आणि तो औषध थांबल्यावरही चार आठवडे चालू ठेवायला हवा. सर्दी-खोकल्याला देतात त्या अमॉक्सिसिलिनने काही होत नाही.

न विचारता सुरू करणं, उगाच बंद करणं

मैत्रिणीला चालली म्हणून सुरू करू नका. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त असेल, डोळ्यांपुढे चमकून सुरू होणारी अर्धशिशी असेल, पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल, स्तनाचा कर्करोग किंवा यकृताचा गंभीर आजार असेल, पस्तिशी उलटली आणि विडी-सिगारेट ओढत असाल, तर ही गोळी तुमच्यासाठी नाही. बाळ अंगावर पीत असेल तर सहा महिन्यांपर्यंत थांबा, तोवर छाया किंवा तांबी चालते. रक्तदाब मोजायला उपकेंद्रात पाच मिनिटं लागतात.

सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत मळमळतं, मध्येच डाग लागतात. रात्री जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. लोहामुळे शौचाला काळी होते, ते रक्त नव्हे. 'गरम पडते' म्हणून अधूनमधून महिनाभर बंद ठेवायची गरज नाही. अशा खंडात दिवस जातात, आणि पुन्हा सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत गुठळीचा धोका परत वाढतो. मूल हवं तेव्हा गोळी बंद करा, गोळीने वांझपण येत नाही.

गुठळी क्वचित होते, पण झाली तर वेळ दवडू नका. एकाच पायाची पोटरी दुखून सुजली, छातीत कळ आली, दम लागला, अचानक भयंकर डोकं दुखलं, दिसेनासं झालं किंवा पोटात असह्य दुखलं, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. तिथे सगळ्यात आधी 'मी माला-एन घेते' हे सांगा. पुष्कळ बायका सोबत सासरा किंवा दीर आहे म्हणून गप्प बसतात. लाज वाटत असेल तर पाकीट मुठीत धरून न्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.