रात्री अडीचला पुसल्या जाणाऱ्या परवानग्या: गावातून स्नोफ्लेक सांभाळताना

मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावातून काम करते. तालुक्याच्या कॉलेजातून बी.एस्सी. केलं, एसक्यूएल (डेटाबेसशी बोलायची भाषा) घरीच शिकले, आणि आता पुण्यातल्या एका कंपनीचं स्नोफ्लेक खातं सांभाळते. स्नोफ्लेक म्हणजे कंपन्यांचा डेटा क्लाउडवर ठेवणारी आणि तिथेच त्याची चौकशी करू देणारी सेवा. वेअरहाउस म्हणजे त्यातलं क्वेरी चालवणारं यंत्र आणि रोल म्हणजे माणसांना द्यायचा परवानग्यांचा गठ्ठा, एवढं लक्षात ठेवा. सांगायची आहे ती एकच गोष्ट. तिनं माझी पहिली नोकरी जवळजवळ घालवली होती.

डिसेंबरचे दिवस होते. रोज सकाळी साडेआठला विक्री विभागाचे रिपोर्ट उघडायचे आणि रोज सकाळी पुण्याहून फोन यायचा की रिपोर्ट कोरे आहेत. एरर एकच: ‘ऑब्जेक्ट डज नॉट एक्झिस्ट ऑर नॉट ऑथोराइज्ड’, म्हणजे वस्तू नाही किंवा तुम्हाला अधिकार नाही. टेबल तर मला समोर दिसत होतं. मग मी विश्लेषकांच्या रोलला त्या टेबलावर सिलेक्टची ग्रांट, म्हणजे वाचायची परवानगी, द्यायचे आणि रिपोर्ट चालू व्हायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असे नऊ दिवस गेले. कुणीतरी मुद्दाम परवानगी काढतंय असं मला वाटू लागलं होतं आणि एका सहकाऱ्यावर मी मनातल्या मनात संशयही घेतला. त्याचं आजही वाईट वाटतं.

दहाव्या रात्री झोप लागेना. शेतीची लाइन त्या आठवड्यात रात्रीची होती, त्यामुळे बाबा हरभऱ्याला पाणी देऊन दीडच्या सुमारास घरी आले. हातात बॅटरी, पाय चिखलानं भरलेले. “काऊन वं, झोपली नाहीस अजून?” मी सगळं सांगितलं. त्यांना त्यातलं किती कळलं माहीत नाही, पण ते म्हणाले, “रोज सकायी मोटार बंदच सापडते, तं रात्रीच जाऊन पाहा लागते ना वं.”

मी क्वेरी हिस्टरी, म्हणजे चाललेल्या आज्ञांची नोंद, उघडली, त्या टेबलाचं नाव शोधलं आणि रात्रीच्या वेळा पाहिल्या. अडीच वाजता रोज एकच आज्ञा चालत होती: क्रिएट ऑर रिप्लेस टेबल. डेटा भरणाऱ्या स्क्रिप्टमधली ती ओळ मीच लिहिली होती.

आता हे नीट समजून घ्या, घाई करू नका. क्रिएट ऑर रिप्लेस म्हणजे जुन्या टेबलातला माल काढून नवा भरणं नव्हे. जुनं टेबल पाडलं जातं आणि त्याच नावाचं दुसरं टेबल उभं राहतं. नाव तेच असलं तरी वस्तू नवी असते, आणि जुन्या वस्तूवर दिलेल्या ग्रांट तिच्याबरोबरच जातात. जुना सातबारा रद्द होऊन नवा निघाला आणि त्यावर मालकाशिवाय कुणाचीच नोंद उरली नाही, असं समजा. टेबल नसो किंवा परवानगी नसो, एरर सारखीच येते, कारण ज्याला अधिकार नाही त्याला टेबल आहे की नाही हेसुद्धा कळू द्यायचं नसतं. ते बरोबरच आहे. पण नव्या माणसाला त्यातून काहीच उलगडत नाही.

यावर उपाय तीन आहेत. पहिला, त्याच आज्ञेत ‘कॉपी ग्रांट्स’ लिहायचं. जुन्या परवानग्या नव्या टेबलावर येतात, फक्त मालकी येत नाही; ती ज्या रोलनं आज्ञा चालवली त्याच्याकडे जाते. दुसरा, टेबल पाडायचंच नाही, ‘इन्सर्ट ओव्हरराइट’नं आतला डेटा बदलायचा. मला हाच आवडतो, कारण परवानग्यांना हात लागत नाही. तिसरा, फ्यूचर ग्रांट: या स्कीमात (डेटाबेसमधला टेबलांचा कप्पा) पुढे जी टेबलं बनतील त्यांवर अमुक रोलला सिलेक्ट, असं आधीच सांगून ठेवायचं.

तिसरा उपाय करून मी निश्चिंत झाले आणि तिथेच पुन्हा अडकले. माझी फ्यूचर ग्रांट डेटाबेसच्या पातळीवर होती. पंधरा दिवसांनी कुणीतरी दुसऱ्याच रोलसाठी त्यातल्या एका स्कीमावर टेबलांची फ्यूचर ग्रांट दिली आणि माझे रिपोर्ट पुन्हा कोरे. नियम असा आहे की एकाच प्रकारच्या वस्तूसाठी दोन्ही पातळ्यांवर फ्यूचर ग्रांट असतील तर स्कीमाची चालते आणि डेटाबेसची त्या स्कीमापुरती बघितलीच जात नाही. रोल वेगळा असला तरी! त्या दिवसापासून मी फक्त स्कीमावरच देते, आणि टीममध्ये कुणी डेटाबेसवर द्यायला लागलं तर थांबवते.

आणि हो, नुसतं सिलेक्ट पुरत नाही. डेटाबेसवर यूसेज, म्हणजे आत शिरायची परवानगी, लागतं, स्कीमावर यूसेज लागतं, मग टेबल. वावर नावावर आहे पण पांदण बंद आहे, तर बैलबंडी जाणार कशी? नव्या मुलामुलींचे निम्मे प्रश्न मला इथेच सुटताना दिसतात.

घाबरू नका. नऊ दिवस चुकूनही माझी नोकरी राहिली, कारण दहाव्या दिवशी सकाळी मी स्वतः फोन करून चूक कुठे होती ते सांगितलं. इंग्रजी बोलताना अडखळत होते, तरी सांगितलं.

पण एका गोष्टीत मी कुणाची गय करणार नाही. “अकाउंटअ‍ॅडमिन देऊन टाक, काम होऊन जाईल” असं सांगणारा माणूस तुमचा गुरू नाही. तो खात्यातला सगळ्यात मोठ्या अधिकारांचा रोल, रोजच्या कामासाठी नसतोच. त्यात बनवलेली प्रत्येक वस्तू त्याच्या मालकीची होते आणि पुढे सगळे त्याच्याच दारात उभे राहतात. त्यासाठी दुसरे तयार रोल आहेत: टेबलं, वेअरहाउस सिसअ‍ॅडमिनखाली बनवा. माणसं आणि रोल यूजरअ‍ॅडमिनखाली. सर्टिफिकेटसाठी प्रश्नांचे डंप, म्हणजे तयार प्रश्नोत्तरांचे गठ्ठे, पाठ करणारेही मी पाहिले. परीक्षा निघते, पण पहिल्याच सोमवारी उघडं पडतं. माझ्या मते खरा गुरू तो, जो तुमचा कीबोर्ड ओढून घेत नाही. मला असा एक दादा मिळाला, तो फक्त विचारायचा, “शो ग्रांट्स काय म्हणतंय?” आणि गप्प बसायचा. शो ग्रांट्स म्हणजे कुणाला कोणती परवानगी आहे ते दाखवणारी आज्ञा.

पैशाचं थोडक्यात. एक्स्ट्रा स्मॉल वेअरहाउस तासाला 1 क्रेडिट (बिल मोजायचं एकक) खातं, पुढचं प्रत्येक माप दुप्पट, म्हणजे मीडियम 4. हिशेब सेकंदाचा असला तरी चालू झालं की किमान 60 सेकंद मोजले जातातच. एसक्यूएलनं वेअरहाउस बनवलं तर आपोआप बंद व्हायची वेळ 600 सेकंद असते; मी बहुतेक ठिकाणी 60 करते. एखादी क्वेरी जास्तीत जास्त किती चालू द्यायची, त्याची मूळ मर्यादा 1,72,800 सेकंद आहे, म्हणजे अख्खे दोन दिवस. ती पहिल्याच दिवशी कमी करा. रिसोर्स मॉनिटर, म्हणजे खर्चावरचा पहारेकरी, लावा, पण तो वेअरहाउसवरच लक्ष ठेवतो, स्नोपाइपसारख्या (फाइल आली की आपोआप डेटा भरणारी सोय) सर्व्हरलेस, म्हणजे तुमच्या वेअरहाउसशिवाय चालणाऱ्या गोष्टींवर नाही.

गावातून काम करणाऱ्यांसाठी एक वेगळं सांगते. लाइट गेली की थोड्या वेळानं टॉवरही बसतो, आणि लॉगिनची मंजुरी मागणारी सूचना फोनवर येतच नाही. इन्व्हर्टरवर लॅपटॉप चालू, शेजारच्या काकांच्या वायफायवर नेटही मिळालं, आणि मी मात्र खात्याबाहेर, असं माझं झालं आहे. नेटशिवाय फोनवरच कोड दाखवणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप वापरा. आणि अकाउंटअ‍ॅडमिन किमान दोन माणसांकडे ठेवा, दोघंही वेगळ्या गावचे असले तर उत्तम. आमच्याकडे दुसरा माणूस नागपूरला असतो.

सुरुवात ट्रायल खात्यावर करा. 30 दिवस मिळतात, 400 डॉलरचं क्रेडिट असतं, सरावाला भरपूर झालं. पहिल्याच संध्याकाळी एक टेबल बनवा, एका रोलला सिलेक्ट द्या, ‘शो ग्रांट्स ऑन टेबल’ चालवून यादी वहीत उतरवा. मग तेच टेबल क्रिएट ऑर रिप्लेसनं पुन्हा बनवा आणि यादी परत पाहा. मालकीची एकच ओळ उरलेली दिसेल. आता ग्रांट परत द्या, आणि या वेळी कॉपी ग्रांट्स लावून बनवा.