डेडलाइनचं इंग्रजी: ‘पर्यंत’ आणि ‘पुढे’ इथेच घोळ होतो

कामाच्या तारखांबद्दल इंग्रजीत लिहिताना होणाऱ्या बहुतेक चुका व्याकरण कच्चं असल्यामुळे होत नाहीत. मनातलं मराठी वाक्य तसंच्या तसं इंग्रजीत उतरतं आणि समोरचा भलताच अर्थ घेतो.

सगळ्यात जास्त गोंधळ घालणारा शब्द म्हणजे ‘पुढे’. मराठीत तारीख पुढे गेली म्हणजे ती लांबली. इंग्रजीत ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणजे नेमकं उलटं: ठरलेली तारीख अलीकडे आणणं. आणि ‘पुश बॅक’मध्ये ‘बॅक’ असूनही अर्थ पुढे ढकलणं असाच. ‘मूव्ह फॉरवर्ड’ तर वापरूच नका, कारण इंग्रजी मातृभाषा असलेलेही त्याचे दोन्ही अर्थ घेतात. ‘प्रीपोन’ भारतात सगळ्यांना कळतो, पण परदेशी सहकारी अडखळू शकतो. त्याच्यासाठी ‘ब्रिंग फॉरवर्ड’ बरा. शब्द कोणताही निवडा, दोन्ही तारखा लिहिल्या की वाद मिटतो: ‘द रिव्ह्यू हॅज मूव्ह्ड फ्रॉम ट्वेल्थ मे टू नाइन्थ मे.’

दुसरा घोळ ‘पर्यंत’चा. मराठीत हा एकच शब्द दोन कामं करतो. ‘शुक्रवारपर्यंत पाठवतो’ याचं ‘आय विल सेंड इट टिल फ्रायडे’ होत नाही. एकदाच घडणाऱ्या गोष्टीच्या मुदतीला ‘बाय’ लागतो: ‘आय विल सेंड इट बाय फ्रायडे.’ तोवर सतत चालू राहणाऱ्या गोष्टीला ‘टिल’ किंवा ‘अन्टिल’: ‘आय ॲम ऑन लीव्ह अन्टिल फ्रायडे.’ इथेही शुक्रवारी हजर की सुट्टीवरच, हा प्रश्न उरतोच. म्हणून ‘बॅक ऑन मंडे’ जोडा.

‘इन टू डेज’ म्हणजे साधारण दोन दिवसांनी, ‘विदिन टू डेज’ म्हणजे दोन दिवस उलटायच्या आत. ‘ईओडी’ म्हणजे दिवसअखेर, पण कोणाच्या घड्याळात? टीम दोन देशांत असेल तर वेळ आणि टाइमझोन दोन्ही लिहा. ‘नेक्स्ट फ्रायडे’ही असाच दगा देतो, सोमवारी हे वाचणाऱ्या दोघांपैकी एक याच आठवड्यातला शुक्रवार धरतो, दुसरा पुढच्या.

मराठीत ‘सोमवारपासून करतोय’ हे चालू वर्तमानकाळात बसतं, त्यामुळे ‘आय ॲम वर्किंग ऑन इट सिन्स मंडे’ लिहिलं जातं. हवं ते ‘आय हॅव बीन वर्किंग ऑन इट सिन्स मंडे.’ दिवस मोजून सांगायचे तर ‘फॉर थ्री डेज’.

शब्दांच्या जोड्याही ठरलेल्या आहेत. डेडलाइन ‘मीट’ करतात किंवा ‘मिस’ करतात, ‘कम्प्लीट’ करत नाहीत. मीटिंग ‘पोस्टपोन’ होते, डेडलाइन मात्र ‘एक्स्टेंड’ करून मागायची. ‘प्रोग्रेस’ला ‘अ’ लावत नाहीत: ‘वी हॅव मेड गुड प्रोग्रेस.’ आणि ‘अपडेशन’ऐवजी नुसतं ‘अपडेट’.

‘पेंडिंग’ हा तर आळशी शब्द. काम सुरूच झालं नसेल तर ‘नॉट स्टार्टेड’, दुसऱ्याकडून काही यायचं असेल तर ‘वेटिंग फॉर’ आणि पुढे कशाची वाट पाहतोय ते, अडथळ्यामुळे थांबलं असेल तर ‘ब्लॉक्ड’, मुद्दाम थांबवलं असेल तर ‘ऑन होल्ड’. या चारही स्थितींना ‘पेंडिंग’ म्हटलं की काम नेमकं कोणामुळे अडलंय ते मॅनेजरला कळत नाही.

‘ऑलमोस्ट डन’चंही तेच. ‘होत आलंय’ ऐकून आपल्याला धीर येतो, इंग्रजी वाचणारा मात्र एका तासात फाइल येईल असं धरतो. काय झालं, काय उरलं, कशावर अडलंय आणि कधी मिळेल, एवढं सांगा: ‘द ड्राफ्ट इज रेडी. टू चार्ट्स आर लेफ्ट. आय ॲम वेटिंग फॉर द सेल्स फिगर्स. इफ आय गेट देम टुडे, आय विल सेंड द रिपोर्ट बाय फोर पीएम ऑन थर्सडे.’ आकडे वेळेत येणार नाहीत असं दिसलं, तर गुरुवार उजाडायच्या आधीच विचारा: ‘कुड वी एक्स्टेंड द डेडलाइन टू मंडे?’